आखाती रुपया आणि हज नोट : एका सामाईक चलनाचा इतिहास

अनेक देशांचे एक चलन म्हटले की युरोचे उदाहरण दिले जाते. युरोच्या नोटा १ जानेवारी २००२ पासून बारा देशांत व्यवहारात आल्या. मात्र त्यापूर्वी कित्येक दशके अरबी समुद्राच्या पलीकडील किनाऱ्यावर भारतीय रुपया हेच रोजच्या व्यवहाराचे चलन होते. कुवेत, बहरीन, कतार, ओमान आणि आजच्या संयुक्त अरब अमिरातीतील राज्ये यांचा व्यापार प्रामुख्याने मुंबईशी चाले. १९४७ पर्यंत या प्रदेशातील ब्रिटिश कारभारही हिंदुस्थान सरकारच्या अखत्यारीत होता. त्यामुळे तेथे रुपया रुजणे स्वाभाविक होते.

स्वातंत्र्यानंतरही ही व्यवस्था कायम राहिली. पण तिचा भार भारतावर पडू लागला. भारतात सोन्याचा भाव जागतिक बाजारापेक्षा बराच अधिक होता. तस्कर आखातात रुपये देऊन सोने घेत. ते रुपये तेथील बँकांमार्फत भारतात परत येत आणि रिझर्व्ह बँकेला त्यांच्या बदल्यात स्टर्लिंग द्यावे लागे. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात परकीय चलनाची आधीच टंचाई असताना ही गळती परवडणारी नव्हती.

यावर उपाय म्हणून १९५९ मध्ये रिझर्व्ह बँक कायद्यात दुरुस्ती करून आखातासाठी वेगळ्या नोटा काढण्यात आल्या. एक रुपयाची नोट भारत सरकारची, तर पाच, दहा व शंभर रुपयांच्या नोटा रिझर्व्ह बँकेच्या होत्या. त्यांचा आराखडा भारतीय नोटांसारखाच होता. रंग मात्र निराळा आणि क्रमांकाआधी 'झेड' हे अक्षर. भारतात या नोटांना कायदेशीर चलनाचे स्थान नव्हते.

या निर्णयातून हज यात्रेकरूंचा प्रश्न उभा राहिला. यात्रेकरू भारतीय रुपये सोबत नेत व सौदी अरबस्तानात ते बदलून घेत. तस्करी रोखताना यात्रेकरूंची अडचण होऊ नये म्हणून दहा व शंभर रुपयांच्या खास 'हज नोटा' काढण्यात आल्या. त्यांच्या क्रमांकाआधी 'एच ए' ही अक्षरे असत. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर बेळगाव-निपाणी भाग म्हैसूर राज्यात गेला, तरी येथील हाजींची समुद्रमार्गाची वाट मुंबई बंदरातूनच होती. खडेबाजारात चालणारी नोट जेद्दासाठी नव्हती आणि जेद्दासाठीची नोट खडेबाजारात खर्चण्यासाठी नव्हती. एकाच रुपयाची ही विभागणी सामान्य यात्रेकरूच्या हातात प्रत्यक्ष दिसत होती.

पुढे सामाईक चलनाचे सदस्य एकेक करून बाहेर पडले. कुवेतने १९६१ मध्ये व बहरीनने १९६५ मध्ये आपापला दिनार सुरू केला. ६ जून १९६६ रोजी भारताने रुपयाचे अवमूल्यन केले; डॉलरचा दर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपये झाला. हा निर्णय भारताच्या गरजेतून झाला होता, पण त्यामुळे आखातातील लोकांच्या हाती असलेल्या रुपयांचीही किंमत घटली. कतार व दुबईने काही काळ सौदी रियालचा आधार घेऊन त्याच वर्षी स्वतःचे सामाईक चलन काढले. अबूधाबीने बहरीनचा दिनार स्वीकारला. ओमानमध्ये मात्र १९७० पर्यंत आखाती रुपया टिकून होता.

या इतिहासातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, सामाईक चलनाचा लाभ अनेकांना मिळतो, पण त्याची जबाबदारी कोणी उचलायची हे ठरलेले नसेल तर नोट काढणारा देश अडचणीत येतो. दुसरी, चलनाच्या निर्णयात ज्यांना स्थान नाही, त्यांना निर्णयाचे परिणाम मात्र भोगावे लागतात. युरोची स्वतंत्र मध्यवर्ती बँक का आवश्यक ठरली, हे वर्गात समजावताना हे उदाहरण उपयोगी पडेल.

१९५९ नंतरच्या दशकात हजला गेलेली पिढी आता जवळजवळ सरली आहे. महाविद्यालयीन शिक्षकांनी विद्यार्थ्यांमार्फत त्या कुटुंबांतील आठवणी, पासपोर्ट, जहाजाच्या पावत्या आणि एखादी उरलेली नोट यांची नोंद करून घेतली, तर चलनाच्या इतिहासातील हे प्रकरण सामान्य माणसाच्या बाजूनेही लिहिता येईल. हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही.