आलापल्लीचे सागवान आणि त्याचा हिशेब

चांद्याहून (आजच्या चंद्रपूरहून) गोंडपिंपरीमार्गे दक्षिणेस निघालेला आणि आष्टीजवळ वैनगंगा ओलांडून पुढे जाणारा रस्ता ज्या ठिकाणी अरण्याच्या खऱ्या गाभ्यात शिरतो, आणि जेथून एक वाट सिरोंच्याकडे, दुसरी भामरागडकडे, तिसरी एटापल्लीकडे फुटते, ते गाव म्हणजे आलापल्ली. अहेरी येथून हाकेच्या अंतरावर आहे. परंतु अहेरी ही राजगोंड जमीनदारांची राजधानी आणि आलापल्ली ही जंगलखात्याची, हा भेद ध्यानी घेतल्यावाचून या प्रदेशाचा आर्थिक इतिहास उलगडत नाही. लाकडाची वखार, आरागिरणी, वनाधिकाऱ्यांची कार्यालये आणि त्यांच्या आश्रयाने वाढलेली वस्ती यांतून या गावाला आजचे रूप आले. एका वृक्षाच्या विक्रीभोवती वसलेले गाव आपल्या महाराष्ट्रात दुसरे सहसा सापडणार नाही.

नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत आणि त्यापूर्वी चांद्याच्या गोंड राजांच्या काळात या अरण्याचे मोल सैनिकी होते, आर्थिक नव्हे. वैनगंगेपलीकडच्या जमीनदारांनी सरहद्द राखावी, वर्षाकाठी नाममात्र टाकोळी, म्हणजे खंडणी, भरावी, आणि बाकी आपल्या मुलखात आपल्या रीतीने नांदावे, एवढीच दरबाराची अपेक्षा असे. 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, आणि अवघ्या चार वर्षांत, 1858 साली, मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके आणि अडपल्ली-घोटचे व्यंकटराव यांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. बाबुरावांना त्याच वर्षी 21 ऑक्टोबर रोजी चांद्यास फाशी देण्यात आले. त्यांना पकडून देणाऱ्या अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांना जप्त मुलखातील 67 गावे बक्षीस मिळाली, आणि अडीच हजार चौरस मैलांहून अधिक पसरलेली अहेरीची जमीनदारी पूर्वीहूनही मोठी झाली. या घटनेकडे केवळ शौर्य आणि विश्वासघात यांची कथा म्हणून पाहण्याची आपली सवय आहे. परंतु अरण्याच्या दृष्टीने तिचा अर्थ असा की, ज्या प्रदेशात नवी सत्ता पाऊल ठेवण्यास कचरत होती, त्याचे दरवाजे तिला याच काळात मोकळे झाले.

आणि तिला ते मोकळे हवेही होते. मुंबईहून निघालेला लोहमार्ग 1867 मध्ये नागपूरला पोहोचला, आणि तो पोहोचण्याच्या आधीपासूनच रुळांखाली घालावयाच्या लाकडी पट्ट्यांसाठी मध्य प्रांतातील सुलभ जंगले मक्तेदारांनी इतक्या निर्दयपणे तोडली की, सरकारलाच त्याचे भय वाटू लागले. कॅप्टन पिअर्सन यांच्या नेतृत्वाखाली 1860 च्या सुमारास या प्रांतात जंगलखाते उभे राहिले ते याच भयातून. अहेरीचे सागवान वाचले, ते कोणाच्या दयेने नव्हे, तर केवळ दूर असल्यामुळे. ते बाहेर काढण्याचा स्वाभाविक मार्ग नदीचा होता: प्राणहितेतून गोदावरीत आणि गोदावरीतून खाली राजमहेंद्रीकडे. अमेरिकेतील यादवीमुळे मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस अडला, तेव्हा वऱ्हाडचा कापूस याच जलमार्गाने पूर्व समुद्राकडे न्यावा अशी भव्य योजना सर आर्थर कॉटन यांच्या प्रेरणेने आखली गेली. दुम्मागुडम, इंचमपल्ली आणि अहेरीनजीकचे देवलमरी येथील खडकाळ अडथळे पार करण्यासाठी बांधकामे निघाली. अपार द्रव्य खर्ची पडले. आणि 1871 मध्ये ती योजना गुंडाळण्यात आली. नदी हरली आणि पुढील काळात आगगाडी जिंकली. लाकूड दक्षिणेकडे वाहून जाण्याऐवजी बैलगाडीने, हत्तींच्या बळावर आणि शेवटी ट्रकने उत्तरेस बल्लारपूरच्या वखारीकडे जाऊ लागले.

येथवर वृक्षाची हकीकत झाली. माणसाची हकीकत त्याहून महत्त्वाची आहे, आणि आपल्या इतिहासकारांनी ती फारशी लिहिलेली नाही. 1878 च्या जंगल कायद्याने राखीव जंगलातील रहिवाशांचे परंपरागत व्यवहार दोन भागांत विभागले: जे सिद्ध झाले ते हक्क, आणि उरलेल्या सर्व सवलती, म्हणजे सरकारने दिल्या तर दिल्या. येथील ज्या माडिया-गोंडांजवळ सनद नव्हती, दफ्तर नव्हते, आणि ज्यांची वहिवाट केवळ पिढ्यांच्या स्मरणात होती, त्यांना हक्क सिद्ध करणे कसे शक्य होते? मालगुजारी मुलखात निस्ताराची, म्हणजे घरगुती गरजेपुरत्या जंगलवापराची, नोंद निदान वाजिब-उल-अर्जात, म्हणजे गावच्या रिवाजांच्या दप्तरात, तरी सापडे. येथे तीही बहुधा नव्हती. डोंगरउतारावरील झाडी तोडून, जाळून, राखेत बी पेरण्याची पेंदा शेती राखीव क्षेत्रात निषिद्ध ठरली. शेतीच्या सुधारणेचा अभ्यास करण्यासाठी 1889 साली आलेल्या डॉ. व्होल्कर यांनी जंगले शेतीच्या सेवेसाठी राखावीत, असे आग्रहाने सांगितले होते, आणि 1894 च्या वनधोरणात त्या विचाराचा उल्लेखही झाला. परंतु जेथे उत्कृष्ट इमारती लाकूड होते तेथे व्यापारी प्रयोजनच वरचढ राहिले, आणि आलापल्लीस तर इमारती लाकडाचीच खाण होती.

तोडणीस हात हवे होते, आणि ते विरळ वस्तीच्या या मुलखात कोठून आणावयाचे, हा खात्यापुढील प्रश्न होता. वनग्रामांची पद्धत हे त्याचे उत्तर. जंगलात कसण्यास जमीन मिळे, पण मालकीने नव्हे. आणि तिच्या बदल्यात खात्याचे काम करण्याचे बंधन पत्करावे लागे. त्यातून येथील शेतकऱ्याचे वर्ष कसे घडले ते पाहण्यासारखे आहे. पावसाळ्यात बांधीत धान. तेही पावसाच्या भरवशावरचे, एकाच पिकाचे. धान घरात आले की कूपात, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या जंगलपट्ट्यात, तोडणी आणि ओढणी. चैत्र-वैशाखात मोहफूल आणि चारोळी; एप्रिल-मे महिन्यांत तेंदूची पाने खुडून त्यांचे सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधणे; आणि पहिला पाऊस पडेपर्यंत कोठारातले धान संपत आले की पुन्हा जंगलातील कंदमुळांवर आणि पेजेवर गुजराण. जमाबंदीच्या कागदांत त्याची ओळख धान पिकवणारा रयत एवढीच असे. वस्तुतः तो अर्ध्याहून अधिक वर्ष अरण्यावर जगत होता. जो अर्थशास्त्री केवळ धानाचे उत्पन्न मोजून या प्रदेशास दरिद्री म्हणतो, तो त्याच्या मिळकतीचा मोठा भाग हिशेबात धरतच नाही. आणि तोच भाग कायद्याने त्याच्या हातून काढून घेतला गेला, ही या दारिद्र्याची खरी मीमांसा आहे.

स्वराज्य आले. 1951 मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेशात जमीनदाऱ्या संपुष्टात आल्या आणि अहेरीचे अरण्य सरकारजमा झाले. 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. 1982 साली गडचिरोली स्वतंत्र जिल्हा झाला. मालक बदलले, रीत मात्र तीच राहिली. 1945 मध्ये स्थापन झालेल्या बल्लारपूरच्या कागद गिरणीस या जंगलांतील बांबू सरकारी करारान्वये मिळत गेला, आणि ज्या बुरडाचा सारा संसार बांबूच्या कामट्यांवर चाले, त्यास मात्र परवान्यासाठी दारोदार फिरावे लागे. मोहाच्या फुलावर दारूबंदीच्या कायद्याची बंधने आली. 1969 च्या वनोपज कायद्याने तेंदूचा व्यापार सरकारच्या एकाधिकारात आला. पाने खुडणाराचे नाते मजुरीपुरते उरले. 1980 नंतर गोदावरीपलीकडून आलेल्या सशस्त्र चळवळीने जे प्रश्न प्रारंभी हाती घेतले, त्यांत तेंदू आणि बांबूची मजुरी अग्रभागी होती, हे विसरता येणार नाही. आणि त्या चळवळीच्या व तिच्या प्रतिकाराच्या धुमश्चक्रीत सर्वाधिक रक्त याच मजुराचे सांडले, हेही नाही.

पालट झाला तो 2006 च्या वनहक्क कायद्याने. बांबू आणि तेंदू यांची गणना गौण वनोपजात करून त्यांची मालकी ग्रामसभेकडे देणारा हा कायदा कागदावरच राहिला असता. पण धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या लहानशा गावाने, गावचे पुढारी देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रदीर्घ सहवासात घडलेल्या त्याच्या ग्रामसभेने, तो प्रत्यक्षात आणला. 27 एप्रिल 2011 रोजी त्या गावाच्या हाती स्वतःचा बांबू वाहून नेण्याच्या परवान्यांचे पुस्तक पडले. त्यानंतर गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा तेंदूचे लिलाव स्वतः करू लागल्या. गोंडपिंपरी तालुक्यातील पाचगावच्या ग्रामसभेने तर त्याहून धीट निर्णय घेतला: तेंदूसाठी झाडे छाटली जातात, जंगलास आगी लावल्या जातात, म्हणून त्यांनी तेंदूचा पैसाच नाकारला आणि बांबूवर आपली अर्थव्यवस्था उभारली. कोणत्याही वनाधिकाऱ्याच्या योजनेत हा त्याग लिहिलेला नव्हता. मला तर या सबंध इतिहासात याहून विचारपूर्वक घेतलेला आर्थिक निर्णय दिसत नाही.

आलापल्लीच्या नैसर्गिक वनाचा सुमारे सहा हेक्टरांचा एक तुकडा 2014 मध्ये जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाला, आणि मार्च 2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी या परिसरातील सागवान बल्लारपूरहून समारंभपूर्वक रवाना झाले. दोन्ही गोष्टी अभिमानाच्या आहेत. परंतु सागवान अद्याप गौण वनोपजात मोडत नाही, आणि त्याच्या लिलावाचा पैसा सरकारी खजिन्यातच जमा होतो. ज्यांच्या पिढ्यांनी ते तोडले, ओढले आणि वणव्यापासून राखले, त्या गावांचा वाटा आलापल्लीच्या पुढील कार्य आयोजनेत, म्हणजे वनव्यवस्थापनाच्या आराखड्यात, स्पष्ट आकड्यांनी लिहिला जावा, एवढी मागणी वनखात्याने आणि आपण सर्वांनी मान्य करावयास हवी.