हिशेबनिसाचा मेहनताना: रत्नागिरीच्या पेठेतील एक जुना खर्च

रत्नागिरी जिल्ह्याच्या आर्थिक इतिहासात खोतांची भातशेती, हापूसच्या बागा, बंदरांवरील गलबते आणि मुंबईच्या गिरण्यांतून येणाऱ्या मनीऑर्डरी यांची चर्चा वारंवार होते. या सर्वांचा जमाखर्च मांडणारा माणूस त्या मानाने दुर्लक्षित राहिला आहे. आजचा किराणा दुकानदार, काजू कारखानदार किंवा मिरकरवाड्यातील मासळीचा व्यापारी सनदी लेखापालाला, म्हणजेच बोलीभाषेतील सीएला, दरवर्षी फी देताना ती वसूल होते की नाही याचा विचार करतो. हा प्रश्न तो केवळ आजचा समजतो, परंतु लिहिणाऱ्याला मोबदला किती द्यावा, कोणी द्यावा आणि त्या बदल्यात काय मिळते, या गोष्टींचा घोळ कोकणात किमान पेशवाईपासून चालत आला आहे, आणि त्यातील कळीचा मुद्दा मोबदल्याच्या रकमेचा नसून लिहिणारा कोणाच्या बाजूने बसला आहे याचा आहे.

मराठी राज्यातील हिशेबनिसांपैकी सर्वांत प्रसिद्ध पुरुषाचे घराणे याच जिल्ह्यातले होते. मंडणगड तालुक्यातील वेळास हे नाना फडणवीसांच्या भानू घराण्याचे मूळ गाव, आणि फडणिशी हे मुळात हिशेबाचे पद: रोजच्या जमाखर्चाची नोंद ठेवणे, सनदा आणि हुकूम दप्तरात चढवणे व खालून आलेले हिशेब तपासणे ही फडणिसाची कामे असत. हुजूर दफ्तरापासून परगण्यापर्यंत या कामाची साखळी होती. परगण्यावरील मामलेदाराच्या जोडीला दिवाण, मुजुमदार, फडणीस, चिटणीस, पोतनीस असे दरकदार नेमले जात, म्हणजे ठरावीक कामाचा हक्क असलेले अधिकारी, आणि त्यांची नेमणूक वा बडतर्फी मामलेदाराच्या हाती नसे. मुजुमदाराची तपासणी झाल्याशिवाय हिशेब पुढे सरकत नसे, पोतनिसाकडे रोकड असे, तर फडणिसाकडे नोंद. त्यामुळे वसूल करणारा, पैसे सांभाळणारा आणि लिहिणारा हे तिघे एकमेकांवर आपोआप नजर ठेवीत. व्यवस्था नेहमीच निर्दोष चालली असे मुळीच नाही, उत्तर पेशवाईत मामलती मक्त्याने दिल्या जाऊ लागल्यावर तर ही तपासणी पुष्कळ ठिकाणी नावापुरती उरली. तरी ज्याचा हिशेब आहे त्याच्या मर्जीवर हिशेबनीस अवलंबून असू नये हे तत्त्व त्या व्यवस्थेला पुरते ठाऊक होते.

गावपातळीवर मात्र हे तत्त्व कोकणात फारसे पोहोचले नाही. देशावरच्या गावांत पाटील वसूल करी आणि कुलकर्णी लिही. रत्नागिरी जिल्ह्यातील खोती गावांत ही दोन्ही कामे बहुधा खोताच्या ओटीवरच होत. खोत म्हणजे सरकारला गावाचा ठरलेला सारा भरण्याची जबाबदारी घेऊन कुळांकडून खंड वसूल करणारा वतनदार. खंड पिकाच्या निम्मा असेल तर जमीन अर्धेलीने आणि तिसरा हिस्सा असेल तर तिर्धेलीने लावली आहे असे म्हणत. पीक उभे असताना त्याचा अंदाज बांधण्याच्या कामाला अभावणी म्हणत, आणि या अभावणीच्या आकड्यावरच कुळाने किती खंडी, किती मण भात घालायचे ते ठरे. अंदाज खोताचा, माप खोताचे, नोंद खोताची किंवा त्याने ठेवलेल्या कारकुनाची, आणि बाकी निघाली तर ती पुढच्या वर्षावर चढवणारी वहीसुद्धा खोताचीच. कुळाजवळ ताडून पाहण्यासाठी स्वतःचा एक कागदही नसे. त्याने हिशेबनिसाला दमडीही दिली नाही ही गोष्ट खरी. परंतु त्या न दिलेल्या दमडीची किंमत त्याने भाताच्या मापाने दरवर्षी भरली, असे म्हणण्यास पूर्ण जागा आहे.

इंग्रजी अंमलाने या वहीला हात घातला तो उशिरा. १८८० च्या खोती जमाबंदीच्या कायद्याने सरकारी पाहणी अधिकाऱ्याने बोटखत, म्हणजे गावातील जमिनी, त्या कसणारी कुळे आणि त्यांनी द्यावयाचा खंड यांची नोंदवही, तयार करण्याची तरतूद केली, आणि या नोंदींना न्यायालयात वजन आले. खोत आणि कुळे यांच्यातील दाव्यांत त्यानंतर वर्षानुवर्षे बोटखतातील एकेका ओळीवर वकिलांनी जो कीस पाडला, त्यावरून तटस्थ माणसाने लिहिलेल्या नोंदीचे मोल दोन्ही पक्षांना किती वाटत होते ते दिसते. नोंद सुधारली म्हणून पद्धत सुधारली नाही हेही तितकेच खरे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, ज्यांचे मूळ गाव आंबडवे हेही मंडणगड तालुक्यातच आहे, १९३७ मध्ये मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, ते संमत झाले नाही, आणि पद्धत प्रत्यक्षात संपली ती १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्याने.

पेठेतील चित्र निराळे होते, कारण व्यापारी आपला लिहिणारा स्वतः पदरी ठेवू शकत असे. राजापूर, चिपळूण, रत्नागिरी या बाजारपेठांतील मध्यम दुकानात गादीवर मालक आणि बाजूला उतरत्या झाकणाच्या डेस्कामागे दिवाणजी, अशी मांडणी असे. गुजराती पेढीवर त्यालाच मेहताजी म्हणत. लाल कापडी बांधणीच्या लांबट वहीच्या पानांवर रेघा आखण्याऐवजी घड्या घातलेल्या असत आणि त्या घड्यांनीच रकाने पडत. डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला नावे, वरती शुभचिन्ह आणि मिती, आणि संध्याकाळी गल्ल्यातील रोकड मोजून शिल्लक जुळली की पान बंद, असा रोजकीर्दीचा क्रम असे. रोजकीर्द म्हणजे दिवसाच्या व्यवहारांची क्रमवार नोंद. तिच्यातून प्रत्येक गिऱ्हाइकाच्या आणि अडत्याच्या नावावर रकमा उतरवल्या की खतावणी होई. खतावणीतील बाक्यांचा गोषवारा म्हणजे तेरीज, आणि दोन पेढ्यांनी आपापल्या वह्या समोरासमोर ठेवून रकमा पडताळणे म्हणजे रुजवात. हे लेखन विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बव्हंशी मोडी लिपीत होत असल्याने दिवाणजीखेरीज इतरांना ते सहज वाचता येत नसे, आणि मालकाला ही गोष्ट सोयीचीही होती व धोक्याचीही. दिवाणजीला पगार मिळे, दिवाळीच्या वहीपूजनाला पोशाख किंवा बक्षिसी मिळे, पण तो नुसता लिहिणारा नव्हता: कोणाची उधारी बुडीत चालली आहे, कोणत्या गलबतावरचा माल कमी उतरला आहे आणि कोणाला आता उसने देऊ नये, हे मालकाच्या कानावर घालण्यासाठीच त्याला पदरी ठेवलेले असे. आजच्या फीचा हिशेब करताना हा भाग नेमका विसरला जातो.

ज्याला दिवाणजी परवडत नसे त्याचे काय होई, याचे उत्तर आंब्याच्या व्यापारात सापडते. रत्नागिरीचा बागायतदार पेट्यांवर आपला मार्का घालून माल मुंबईला दलालाकडे पाठवी, प्रथम क्रॉफर्ड मार्केटात आणि नंतर वाशीच्या बाजारात. हंगामाआधी औषधफवारणी, राखण आणि पेट्या यांसाठी त्याच दलालाकडून उचल घेतलेली असे. माल विकला गेल्यावर दलालाकडून येई ती पट्टी: किती पेट्या, कोणत्या दराने, एकूण रक्कम किती, आणि तिच्याखाली गाडीभाडे, हमाली, अडत व उचलीची वसुली वजा जाता उरलेला आकडा. फळ नासले, पेटी फुटली, भाव पडला, यांपैकी जे काही पट्टीवर लिहिले असेल ते दोनशे मैलांवरच्या बागायतदाराने मानायचे, कारण आपण कोणत्या तारखेला कोणत्या प्रतीच्या किती पेट्या पाठवल्या आणि उचल किती फिटली याची स्वतःची नोंद अनेकांकडे वहीच्या मागच्या पानापलीकडे नसे. प्रामाणिक दलाल पुष्कळ होते आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकलेले संबंध याची साक्ष देतात. प्रश्न सचोटीचा नसून एकाच बाजूने लिहिलेल्या हिशेबाचा आहे. २०१६ मध्ये फळे आणि भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे राज्य शासनाने ठरवले तेव्हा पट्टीवरची एक वजावट कायद्यापुरती गेली, मात्र रुजवात घालणारा माणूस बागायतदाराला त्यामुळे मिळाला नाही.

मधल्या काळात हिशेबनिसाच्या दारात तिसरा पक्ष येऊन उभा राहिला होता, तो म्हणजे आयकर खाते. १८५७ च्या उठावानंतरची तूट भरून काढण्यासाठी जेम्स विल्सन यांनी १८६० मध्ये आयकर आणला, तो पाच वर्षांनी संपला, आणि १८८६ च्या कायद्याने कायमचा परतला. या कायद्याने शेतीचे उत्पन्न करातून वगळल्यामुळे रत्नागिरीचा बागायतदार बाहेर राहिला आणि पेठेतला व्यापारी आत आला. १९१३ च्या कंपनी कायद्याने पात्र लेखापरीक्षकाची गरज निर्माण केली, १९१८ पासून मुंबई सरकारची अकाउंटन्सीची पदविका मिळू लागली, आणि १ जुलै १९४९ रोजी सनदी लेखापालांची संस्था स्थापन झाली. दिवाणजीची कला आता परीक्षेने मिळणारा व्यवसाय झाली. रत्नागिरीत १९४५ मध्ये सुरू झालेल्या महाविद्यालयाच्या आजच्या जोडनावात जोगळेकरांचे नाव वाणिज्य शाखेला आहे, आणि तालुक्याच्या गावांतून सीए, करसल्लागार व टॅलीवर नोंदी करणारी मुले-मुली मिळू लागण्यात वाणिज्य शिक्षणाचा वाटा मोठा आहे. १९८४ च्या वित्त कायद्याने ४० लाखांवर उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला करलेखापरीक्षण सक्तीचे केले. १९८९-९० या कर-आकारणी वर्षापासून सर्वांचे हिशेबाचे वर्ष ३१ मार्चला संपू लागले. दिवाळीपासून दिवाळीपर्यंत चालणारी वही त्यानंतर पूजेपुरती उरली.

दिवाणजी आणि सीए यांच्यातील मोठा फरक येथे आहे. दिवाणजी मालकाचा पगार घेई आणि मालकासाठीच लिही. लेखापरीक्षण करणारा सीए फी मालकाकडून घेतो पण त्याची सही सरकार आणि बँक यांच्यासाठी असते. व्यावसायिकाच्या मनात फीविषयी जी अढी असते तिचे मूळ बहुतेक वेळा यातच आहे: दुसऱ्याला हवा असलेला कागद आपण आपल्या पैशाने विकत घेतो, असे त्याला वाटते, आणि फक्त विवरणपत्र भरून घेण्यासाठी फी दिली जात असेल तर त्याचे वाटणे चुकीचेही नाही. अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत २ कोटींपर्यंतच्या उलाढालीवर, आणि रोखीचे व्यवहार ५ टक्क्यांच्या आत असल्यास ३ कोटींपर्यंत, ८ टक्के किंवा बँकेमार्फत आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा धरून कर भरता येतो. तेथे सविस्तर वह्या आणि लेखापरीक्षण यांची सक्ती नसते. घरगुती खाणावळ, छोटे किराणा दुकान किंवा कोकम-सरबताचा हंगामी धंदा चालवणाऱ्याला दरमहा फी देण्याचे कारण सहसा नसते.

काजूच्या कारखान्यात गणित उलटे होते. नोंदणीकृत कारखानदाराने शेतकऱ्याकडून सालासकट काजू बी घेतली तर तिच्यावरील ५ टक्के जीएसटी विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्यानेच भरायचा असतो, यालाच उलट आकारणी किंवा रिव्हर्स चार्ज म्हणतात. समजा एखाद्याने वर्षात ४० लाखांची बी स्थानिक शेतकऱ्यांकडून घेतली आणि ५५ लाखांचा गर विकला. नेहमीच्या पद्धतीत तो बीवर २ लाख भरतो, गरावर ५ टक्क्यांनी २ लाख ७५ हजार गिऱ्हाइकाकडून वसूल करतो, आणि बीवर भरलेल्या कराची वजावट घेऊन फरकाचे ७५ हजार सरकारजमा करतो. त्याच्या खिशातून काही जात नाही. तोच माणूस कटकट नको म्हणून आपसमेळ योजनेत, म्हणजे बाजाराच्या भाषेत कंपोझिशनमध्ये गेला, तर विक्रीवर १ टक्का म्हणजे ५५ हजार आणि बीवरचे २ लाख मिळून २ लाख ५५ हजार त्याला स्वतः सोसावे लागतात, कारण या योजनेत गिऱ्हाइकाकडून कर घेता येत नाही आणि वजावटही मिळत नाही. सोपी वाटणारी योजना येथे महाग पडते. उलट आकारणी भरायचीच राहून गेली तर त्यावर १८ टक्के दराने व्याज चढते, आणि हंगामाच्या तोंडावर बी भरून ठेवण्यासाठी कॅश क्रेडिट हवे असेल तर बँक मागील वर्षांची विवरणपत्रे व ताळेबंद मागते, ते एका रात्रीत तयार होत नाहीत.

म्हणून रत्नागिरीच्या छोट्या व्यावसायिकापुरता निवाडा असा देता येईल की, विवरणपत्र भरण्यापुरती दिलेली फी हा खर्च आहे आणि तो कमीत कमी ठेवावा. कच्चा माल शेतकऱ्याकडून घेणाऱ्या, कर्जावर हंगाम काढणाऱ्या किंवा मुंबईच्या दलालाशी उचलीचा व्यवहार असणाऱ्या माणसाने मात्र जुन्या दिवाणजीचे काम करणारा, म्हणजे वर्ष सुरू होण्याआधी चार गोष्टी सांगणारा, सल्लागार शोधावा आणि त्याच्या मेहनतान्यात घासाघीस करू नये. मार्चअखेर कागदांची पिशवी नेऊन टाकणाऱ्याला हा सल्ला मिळणे शक्य नाही, कारण आधीच नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला पुढील वर्षासाठी आपसमेळ योजना निवडायची असेल, तर तो पर्याय चालू आर्थिक वर्ष संपण्यापूर्वीच कळवावा लागतो.