टेम्पोतच झोपायचं असेल तर: नाहूरच्या उकाड्यात काय चालतं, काय नाही

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या एन२ आणि एन३ वर्गातल्या, म्हणजे एकूण वजन साडेतीन टनांच्या वर असलेल्या मालवाहू गाड्यांच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला. चांगलंच झालं. पण छोटे टेम्पो आणि व्हॅन त्यात येत नाहीत, आणि केबिनचा एसी साधारणपणे इंजिनवर चालतो. नाहूरला एलबीएस मार्गाच्या आसपास गाडी लावून सकाळच्या लोडिंगची वाट बघत झोपणाऱ्याला रात्री इंजिन बंद करावंच लागतं. मग काय करायचं?

कूलर इथे का फसतो?

कूलर पाण्याचं बाष्पीभवन करून हवा गार करतो. किती गार होऊ शकते याची मर्यादा म्हणजे वेट बल्ब तापमान, सोप्या भाषेत ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर वाऱ्यात जे तापमान दाखवेल ते. नागपूरला हवा ४३ अंश आणि आर्द्रता २०% असेल, तर ही मर्यादा साधारण २५ अंश येते. म्हणजे तब्बल १८ अंशांची उतरंड. मुंबईत ३३ अंश आणि ६५% आर्द्रतेला ती साडेसत्तावीसच्या आसपास, म्हणजे जेमतेम साडेपाच अंश. वर बंद गाडीत कूलर लावला की आर्द्रता आणखी वाढते, घाम वाळत नाही आणि उलट जास्त घुसमटतं. विदर्भातल्या मित्राचा सल्ला इथे सरळ विसरा.

बॅटरीचं गणित

१२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १२०० वॅट-अवर. लेड-अ‍ॅसिड असेल तर अर्धीच वापरावी, म्हणजे ६००. पाऊण टनाचा घरगुती एसी ८०० वॅट धरा: सलग चालला तर पाऊण तासही निघत नाही. उलट १२ व्होल्टचा, २ अँपिअरचा पंखा आठ तासांत फक्त १६ अँपिअर-अवर खातो. तरी गाडी स्टार्ट करायची बॅटरी तीच असेल, तर लो व्होल्टेज कट-ऑफ लावाच. नाहीतर पहाटे धक्का मारायला माणसं शोधावी लागतील.

माझं मत विचाराल तर पैसे आधी पंख्यावर घालावेत, आणि एक नाही, दोन. एक अंगावर, दुसरा वरच्या बाजूला गरम हवा बाहेर फेकणारा. समोरच्या बाजूला खालून हवा आत यायला जागा हवी, नाहीतर एक्झॉस्ट नुसता आवाज करतो. डासांसाठी जाळी लागणारच, पण ती वारा अडवते, म्हणून उघडी जागा मोठी ठेवा.

दिवसा ऊन आतच येऊ न देणं सर्वात स्वस्त. चकचकीत पडदा काचेच्या बाहेरून लावा. आतून लावला तर काच ओलांडून आलेली बरीच उष्णता आतच राहते. टपाला पांढरा रंग दिला तरी फरक पडतो. अनेक छोट्या टेम्पोंचं इंजिन सीटखालीच असतं, ते बंद केल्यावरही बराच वेळ धगधगतं; पोचल्यावर दारं उघडून थोडा वेळ बाहेरच बसा.

एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपू नका. गळक्या सायलेन्सरमधून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

आणि सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात समजा. १०८ ला फोन करा, तोवर सावलीत आणून अंगावर पाणी ओता आणि वारा घाला. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका.