तळटीप १२ : रात्रपाळी

१२. रात्रपाळी : साकीनाक्याच्या कारखान्यांत रात्रीचे काम पुरुषांचेच, यामागे रूढीइतकाच कायदाही होता. १ एप्रिल १९४९ पासून लागू झालेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ६६ नुसार स्त्रियांना सकाळी ६ ते सायंकाळी ७ याच वेळेत कामावर ठेवता येई. राज्य शासनाने सवलत दिली तरी रात्री १० ते पहाटे ५ बंदीच. कलम २२ ने चालू यंत्राला तेल घालणे, ते पुसणे, जुळवणे ही जोखमीची कामेही त्यांना नाकारली. हेतू संरक्षणाचा, पण यंत्राची नस कळते ती याच कामांतून, त्यामुळे उस्तादाच्या हाताखालचा हेल्पर बहुधा मुलगाच असे. यंत्रावर चालणाऱ्या, पण दहापेक्षा कमी कामगारांच्या गाळ्यांना हा कायदा मुळात लागूच नव्हता; लेथ मात्र तिथेही पुरुषाकडेच, आणि बाईच्या वाट्याला पॅकिंग. अशी बंदी केवळ भारतातच होती असे नव्हे : आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९१९ मध्येच तसा करार केला होता. मद्रास उच्च न्यायालयाने २००० मध्ये कलम ६६ मधील ही तरतूद घटनाबाह्य ठरवली. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने स्त्रीच्या संमतीने रात्रपाळीची मुभा दिली. कारखाने अधिनियमाखालील कारखान्यांना मात्र तो लागू नव्हता.