ट्रुमन यांचा निर्णय आणि नागासाकीची ख्रिस्तसभा

१२ एप्रिल १९४५ रोजी फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे निधन झाले आणि उपाध्यक्ष हॅरी ट्रुमन अमेरिकेच्या अध्यक्षपदी आले. अणुबॉम्बच्या गुप्त प्रकल्पाची सविस्तर माहिती त्यांना २५ एप्रिल रोजी देण्यात आली. १६ जुलै रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिली चाचणी यशस्वी झाली आणि ६ ऑगस्ट रोजी हिरोशिमा बेचिराख झाले.

ट्रुमन यांनी दोन शहरांच्या नाशाचे दोन हुकूम दिले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः २५ जुलैचा एकच लेखी आदेश होता आणि त्यावर सही जनरल हँडी यांची होती. हिरोशिमा, कोकुरा, निगाता व नागासाकी यांपैकी एका शहरावर, साधारण ३ ऑगस्टनंतर हवामान अनुकूल होताच, बॉम्ब टाकावा व पुढील बॉम्ब तयार होतील तसतसे वापरावेत, असे त्यात म्हटले होते. म्हणजे नागासाकीसाठी अध्यक्षांच्या वेगळ्या संमतीची गरजच उरली नाही. त्याच दिवशीच्या रोजनिशीत मात्र ट्रुमन लिहितात की, लक्ष्य सैनिकी असावे, स्त्रिया व मुले नव्हेत, असे आपण युद्धमंत्री स्टिमसन यांना बजावले आहे. आदेशात तर शहरांची नावे होती!

९ ऑगस्ट रोजी विमान प्रथम कोकुरावर गेले. तेथे धूर व धुके यांमुळे लक्ष्य दिसेना, म्हणून ते नागासाकीकडे वळले. सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी बॉम्बचा स्फोट झाला तो उराकामी खोऱ्यावर. उराकामीचे कॅथेड्रल स्फोटकेंद्रापासून सुमारे ५०० मीटरवर होते. १५ ऑगस्टच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या तयारीसाठी भाविक तेथे प्रायश्चित्त संस्काराला आले होते. धर्मगुरूंसह मंदिरातील सर्वजण मृत्युमुखी पडले. उराकामीच्या सुमारे १२,००० कॅथोलिकांपैकी अंदाजे ८,५०० दगावले. धर्मगुरूंविना, छळ सोसत, सुमारे अडीचशे वर्षे गुप्तपणे श्रद्धा जपणाऱ्या ख्रिस्ती जनांचे हे वंशज. वसईचे संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी रक्तसाक्षी झाले ते याच नागासाकीत.

१० ऑगस्ट रोजी ट्रुमन यांनी आपल्या स्पष्ट आज्ञेविना आणखी बॉम्ब टाकू नये असे फर्मावले. आणखी एक लाख माणसे, विशेषतः मुले, मारण्याची कल्पना त्यांना असह्य वाटत होती, अशी नोंद मंत्रिमंडळातील हेन्री वॉलेस यांनी केली आहे. ही जाणीव चार दिवस आधी झाली असती तर?

निर्णयाच्या समर्थकांचा मुद्दा क्षुल्लक नाही. क्युशू बेटावरील नियोजित स्वारीत दोन्ही बाजूंचे असंख्य सैनिक पडले असते. परंतु ऑक्सफर्डने १९५६ साली ट्रुमन यांना मानद पदवी देऊ केली, तेव्हा कॅथोलिक तत्त्वज्ञ एलिझाबेथ अँस्कम यांनी त्यास विरोध केला तो नेमका याच हिशेबाला. निरपराध्यांचा वध हेच साधन म्हणून निवडणे म्हणजे खून होय, मग हेतू कोणताही असो, असे त्यांचे म्हणणे होते. बिनशर्त शरणागतीच्या हट्टामुळेच तो भयंकर पर्याय अटळ भासू लागला, हेही त्यांनी दाखवून दिले. पदवी अर्थातच दिली गेली.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली संपूर्ण शहरांचा रहिवाशांसह सरसकट संहार हा देव व मानव यांच्याविरुद्धचा गुन्हा ठरवला. २४ नोव्हेंबर २०१९ रोजी हिरोशिमा येथे पोप फ्रान्सिस यांनी त्यापुढे जाऊन अण्वस्त्रे बाळगणेही अनैतिक असल्याचे सांगितले.