कल्हई नसलेले पातेले

यकृताचा एक आजार फक्त आपल्याच देशातल्या लहान मुलांना होतो, असे डॉक्टर मंडळी बराच काळ धरून चालली होती. त्याचे नावच ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस’. १८८७ मध्ये कलकत्त्यात त्याची पहिली नोंद झाली. सहा महिन्यांपासून चार-पाच वर्षांपर्यंतचे मूल किरकिरे होते, पोट फुगते, यकृत हाताला टणक लागते. मग कावीळ, पोटात पाणी आणि बहुतेकदा मृत्यू. एकाच घरातली दोन-दोन भावंडे जात.

रोगी मुले बहुतेक हिंदू, त्यातही मध्यमवर्गीय शाकाहारी घरांतली असत. मुसलमान आणि ख्रिस्ती मुले क्वचित. जमातीनुसार असा फरक दिसला की आपल्याकडे पहिला संशय रक्तावर जातो. इथेही आनुवंशिकतेची चर्चा झाली. विषाणू आणि भुईमुगावरच्या बुरशीचे विष हेही पडताळून झाले.

१९७९ मध्ये या मुलांच्या यकृतात तांबे फार वाढलेले असते, हे ‘लॅन्सेट’मध्ये आले. निरोगी माणसाच्या यकृतात एका ग्रॅम कोरड्या वजनामागे साधारण ५० मायक्रोग्रॅमच्या आत तांबे असते. इथे ते अनेकदा ८०० च्या वर. पण ते येते कुठून? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर यांनी आयांना साधे प्रश्न विचारले. बाळाला वरचे दूध कधी सुरू केले? कोणत्या भांड्यात तापवले, कशात ठेवले? उत्तर निघाले पितळी आणि तांब्याची भांडी. १९८३ मध्ये त्यांनी ते मांडले.

बिनकल्हईच्या पितळेत ताक कळकते, ते जिभेला कळते. दूध मात्र कळकत नाही. दुधातले केसीन तांबे धरून ठेवते, आणि चव न बदलता ते बाळाच्या पोटात जाते. आईच्या दुधात हा धोका नाही.

मग मुसलमान मुले कशी वाचली? माझा तर्क कल्हईवर जातो. आमच्याकडे देग, पातेली तांब्याचीच, पण आतून पांढरी. गल्लीत भाता मांडून, नवसागराचा धूर काढत कथील फिरवणारा कल्हईवाला बहुधा आमच्यातलाच. शब्दही मूळचा अरबी. काहींना यात धर्माचा मोठेपणा दिसेल, मला दिसत नाही. भांडे आणि तान्हे मूल यांच्यामध्ये कथिलाचा थर होता, एवढेच.

ऑस्ट्रियातल्या टायरोलचे उदाहरण पाहा. तिथे १९०० ते १९७४ या काळात १३८ मुले अशाच आजाराने गेली. सगळी डोंगराळ खेड्यांतल्या शेतकरी कुटुंबांतली. गाईचे दूध पाणी-साखर घालून बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात उकळत. संशोधकांना तिथे आनुवंशिकतेचाही वाटा दिसला, तो असेलही. पण भांडी बदलली आणि आजार संपला.

पुण्यात उपचारही झाला. पेनिसिलामाइन हे औषध शरीरातले तांबे लघवीवाटे बाहेर काढते. लवकर सुरू झाले तर काही मुले वाचली, त्यांचे यकृत सुधारले. कावीळ, पोटात पाणी होऊन आलेली बहुतेक हातची गेली. म्हणून जोर प्रतिबंधावर आला: दूध पितळेत तापवू नका. तोवर स्टीलही घराघरात पोचले होते. १९९० च्या दशकात पुण्याच्या वॉर्डांत हा आजार दुर्मीळ झाला.