चहा कोराच मिळेल

इंदूर सोडलंत तेव्हा अंधार होता. मानपूरचा घाट उतरून खलघाटला नर्मदेच्या पुलावर येईपर्यंत उजाडलंय. २१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. गाडी प्रीमियर पद्मिनी, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, आणि आत तुम्ही एकटे. मनालीहून सोबत आलेले दोघे मित्र रजा संपली म्हणून दिल्लीहून झेलम एक्स्प्रेसनं पुढे गेले. मागच्या सीटवर त्यांनी खाल्लेल्या शेंगांची टरफलं आहेत, डिकीत कुलूच्या सफरचंदांची पेटी, आणि पुणं अजून दिवसभर लांब.

सवयीनं हात खिशाकडे जाईल. जाऊ दे. देशातला पहिला मोबाइल कॉल होऊन अजून दोन महिनेही झालेले नाहीत, आणि तोही कलकत्त्याहून दिल्लीला. काल रात्री एसटीडी बूथवरून आईला ‘उद्या रात्री पोचतो’ एवढं कळवलंत, तिथून पुढे तुम्ही कुणाच्याच हिशेबात नाही. लांबच्या प्रवासातली खरी चैन ही होती, असं माझं मत. घरी वाट बघणाऱ्यांना मात्र ती परवडायची नाही.

सेंधव्यात रस्त्यालगतच्या देवळाबाहेर रांग दिसते. बायका, म्हातारे, दप्तर पाठीला तसंच ठेवून आलेली पोरं. प्रत्येकाच्या हातात गडू नाहीतर वाटी, वर चमचा. आज काय आहे? तुम्ही तिथी आठवून बघता. पितृपंधरवडा चालू आहे, या दिवसांत सण कसला! कुणी महाराज आले असतील, म्हणून पुढे निघता. बिजासनचा घाट उतरला की पळासनेरचा नाका, ट्रकांची ही लांब ओळ, आणि पाट्या मराठी होतात. शिरपूरपुढे तापी ओलांडता. सोनगीर पितळी भांड्यांचं गाव. तिथली रांग सेंधव्याहून मोठी आहे.

(हा रस्ता म्हणजे तेव्हाचा ‘एनएच ३’; आजच्या नकाशात त्या आकड्यानं शोधायला जाल तर सापडायचा नाही. २०१० साली महामार्गांचे आकडे बदलले. धुळे, नाशिक, पुणे ही वाट आता ६० क्रमांकाची.)

धुळ्यात पिवळ्या पाटीचा बूथ बघून गाडी लावता. इथंही रांग. आतला माणूस रिसीव्हरमध्ये ओरडतोय, ‘सोंडेला चमचा लावायचा फक्त! आपोआप!’ तुमच्या पुढचे काका मागे वळून सांगतात, ‘गणपती दूध पितोय. दिल्लीत पहाटे सुरू झालं म्हणे, आता सगळीकडेच.’ तुमची पाळी येते. पुण्याचा नंबर फिरवता. या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत. पुन्हा तेच. ही बातमी फोनवरूनच पसरते आहे; भावानं बहिणीला, जावयानं सासऱ्याला, आणि त्या गर्दीत तुमच्या ‘धुळ्यात पोचलो’ला तारेवर जागा नाही.

खरं म्हणजे तुम्ही पुढच्या काळातून आलेले. उत्तर तुम्हाला पाठ आहे: पृष्ठताण. काठोकाठ भरलेला चमचा सोंडेला टेकवून किंचित कलता केला की दूध ओढलं जातं आणि मूर्तीच्या अंगावरून पातळ ओघळ उतरतो. पांढऱ्या संगमरवरावर पांढरं दूध दिसणार कसं? दिल्लीत शास्त्रज्ञ दुधात रंग मिसळून तो ओघळ दाखवणारच आहेत. सांगून बघा काकांना. तुम्ही सांगताच. ते सगळं नीट ऐकून घेतात आणि विचारतात, ‘तुम्ही पाजून बघितलं का?’ नाही. ‘मी पाजलंय.’ बोलणं खुंटतं. भौतिकशास्त्र तुमच्या बाजूनं आहे, पण हातात चमचा धरलेला माणूस समोर आहे.

आर्वीच्या टपरीवर चहा मागता. ‘दूध सरी गयं, दादा,’ टपरीवाला हसत म्हणतो आणि कोरा चहा पुढे करतो. गूळ घातलेला, बरा असतो. मालेगाव, मोसम नदी, चांदवडचा डोंगर, पिंपळगावचे कांद्याचे ट्रॅक्टर. नाशिकला द्वारकेवरून डावीकडे पुणे रस्ता धरता तेव्हा सूर्य कललेला असतो.

संगमनेरला फोन लागतो. बूथमधल्या मीटरचे लाल आकडे धावू लागतात.

‘अरे, आहेस कुठे? सकाळपासून जीव टांगणीला!’

‘संगमनेर.’

‘आपल्यानं पण घेतलं रे, दोन चमचे. समोरच्यांच्यानं नाही घेतलं.’ मग खालच्या आवाजात, ‘चहापुरतं ठेवलंय तुला. जेवून येणारेस का?’

चंदनापुरीच्या घाटात पुरता अंधार होतो. अमावास्या जवळ आलेली, चंद्राचा पत्ता नाही. दुपदरी रस्ता, मध्ये दुभाजक नाही. समोरचा ट्रक अप्पर लावून येतो, तुम्ही डिपर मारता, तो मारत नाही. मग डाव्या कडेची माती बघत गाडी हाकायची. एकट्यानं अशा वेळी एक बरा ट्रक निवडावा आणि त्याच्या मागच्या लाल दिव्याला धरून राहावं. क्लीनर खिडकीतून हात हलवून ‘जा’ म्हणतो तेव्हाच पुढे काढायची, एरवी नाही. नारायणगावाजवळ या अंधारात कुठेतरी, खोडदच्या माळावर, गोविंद स्वरूपांची जीएमआरटी दुर्बीण उभी राहते आहे: पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्या, आकाशातल्या हायड्रोजनच्या रेडिओलहरी टिपण्यासाठी. काही थाळ्या महामार्गापासून हाकेच्या अंतरावर आहेत. गावातल्या देवळात चमचे अजून खणखणताहेत. मला यात विसंगती वाटत नाही. एकाच तालुक्यात दोन्ही सुखानं नांदू शकतं, नांदलंही.

खेडचा घाट, चाकण, मग पिंपरी-चिंचवडच्या हद्दीवरचा जकात नाका. डोळे चुरचुरताहेत. कारकून डिकी उघडायला लावतो.

‘सफरचंदं? किती पेट्या?’

‘एकच. घरची आहे.’

‘कुठून?’

‘मनाली. दिल्लीवरून आलो.’

त्याचा चेहरा एकदम उजळतो. ‘दिल्ली? मग तुम्ही तर पहिल्यांदा बघितलं असेल! कसं पितो हो?’

दिल्ली तुम्ही परवाच सोडलीत. दिवसभरात एवढी गावं ओलांडलीत, आणि एकाही रांगेत शिरला नाहीत.

‘काहीच बघितलं नाही?’ तो म्हणतो, पावतीपुस्तक पुढे ओढतो आणि सफरचंदांवर जकात लावतो.